चाचांचं देणं

आयटीआयमध्ये नवी बॅच आली की सुरुवातीचे काही दिवस मी मुलांच्या हातात पाना देत नाही. बंद पडलेली एक मोटारसायकल समोर उभी करतो आणि सांगतो, आधी बघा, वास घ्या, मालकाला विचारा, उघडायचं नंतर. मुलं थोडी हिरमुसतात, पण करतात. ही पद्धत मला कुठल्या पुस्तकात किंवा प्रशिक्षणात मिळालेली नाही. ती कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मोटारसायकल मिस्त्रींची आहे, आणि माझी नोकरी, माझा संसार तिच्यावर उभा आहे. नाव छापायचं नाही, या अटीवरच त्यांनी हे लिहायला होकार दिला. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मीही तेच म्हणतो.

१९९८ साली मी मेकॅनिकलचा डिप्लोमा पास झालो. नोकरी मिळत नव्हती. माझे मामा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. पेन्शनीत आल्यावर त्यांनी साडेतीनशेची बुलेट घेतली होती. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, अशी जुन्या धाटणीची. गुडघे दुखायला लागल्यावर ती गाडी भुदरगड तालुक्यातल्या त्यांच्या घरामागच्या गोठ्यात उभी राहिली ती राहिलीच. आमच्याकडच्या पावसात जूनमध्ये दोरीवर टाकलेला कपडा नीट वाळत नाही, भिंतींना ओल येते, दाराच्या कड्या गंजतात. तसे कितीतरी पावसाळे तिनं गोणपाटाखाली काढले. मामा म्हणाले, “चालू करून घे आणि नोकरी लागेपर्यंत वापर. उभी राहून तरी काय करायचीय?”

कार्बोरेटरची आकृती मला न बघता काढता यायची. हवेची वाट अरुंद झाली की वेग वाढतो, दाब घटतो आणि घटलेल्या दाबामुळे जेटमधून पेट्रोल वर ओढलं जातं. बर्नुली, व्हेंचुरी, एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, हे सगळं पाठ होतं. पण समोरच्या गाडीचं काय बिघडलंय हे त्यातल्या कशावरूनही मला सांगता येईना. नवा प्लग घातला, बॅटरी चार्ज करून आणली, टाकीत ताजं पेट्रोल ओतलं आणि पाय भरून येईपर्यंत किका मारल्या. गाडीनं एकदाही पेट घेतला नाही. मामा ओसरीवर बसून बघत होते, काही बोलले नाहीत. शेवटी त्यांनीच कोल्हापूरला निघालेल्या ओळखीच्या टेम्पोत गाडी चढवली आणि चाचांचा पत्ता सांगितला.

उद्यमनगरात तेव्हा सकाळपासून लेथ आणि ग्राइंडरचे आवाज सुरू असायचे. फौंड्र्यांतून आलेले कच्चे ओतीव भाग हातगाडीवरून मशीन शॉपमध्ये जायचे. त्या गल्लीत चाचांची पत्र्याची शेड होती. त्यांनी गाडीला हात लावला नाही. आधी मला विचारलं, “उभी केली तवा चालू हुती, का बंद पडली म्हणून उभी केली?”

हा प्रश्न मी मामांना विचारलाच नव्हता. कोपऱ्यावरच्या पीसीओवरून फोन लावला. चांगली चालू होती, असं मामा म्हणाले.

“मग इंजिनाची काळजी नको. उभं राहून इंजिन लवकर बिघडत न्हाई. पेट्रोल बिघडतं.”

त्यांनी टाकीचं झाकण काढलं आणि मला वास घ्यायला लावला. ताजं पेट्रोल ओतूनही आत आंबूस, जड वास होता. पेट्रोल म्हणजे अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण, हे मला माहीत होतं. गाडी उभी राहिली की त्यातले हलके घटक आधी उडून जातात आणि थंड इंजिन पेट घ्यायला नेमके तेच लागतात. मागे राहिलेल्या जड भागाचा हवेशी संयोग होऊन त्याचा चिकट गम बनतो. टाकीत पेट्रोल बरंच असतं, तिथं याला वेळ लागतो. कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये मात्र थोडंसंच पेट्रोल असतं, त्यामुळे गाडी आधी तिथं मरते. हे रसायनशास्त्र मी शिकलेला होतो आणि चाचा शिकलेले नव्हते. पण ते नाकानं ओळखायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांचा क्रम सुरू झाला, आणि माझ्यावरचं खरं ऋण त्या क्रमाचं आहे. प्लग काढून हेडला टेकवला, किक मारली. निळा करंट पडला. म्हणजे करंटचा प्रश्न मिटला, तिकडं परत बघायचं नाही. मग प्लगची टोकं बघितली. एवढ्या किका मारूनही प्लग कोरडा होता. “वला असता तर पेट्रोल येतंय पन जळत न्हाई, असं झालं असतं. कोरडा हाय, म्हंजे येतच न्हाई.” मग कॉककडून येणारा पाइप कार्बोरेटरपासून सोडवून काचेच्या बाटलीत धरला. धार न येता थेंब थेंब पडत होतं. बाटली उन्हात धरली तेव्हा तळाला पाण्याचा वेगळा थर आणि गंजाचे बारीक कण दिसले. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं. ते पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाला बसतं आणि पत्रा आतून खातं. टाकी उतरवली, धुतली, कॉकची जाळी साफ केली. एवढं सगळं झाल्यावर ते कार्बोरेटरकडे वळले.

बाऊलचे स्क्रू अडकले होते. मी सरळ फिरवायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात धरला. स्क्रूच्या डोक्यात नीट बसेल असा स्क्रूड्रायव्हर निवडला, त्याच्या मुठीवर हातोडीचे दोन हलके ठोके मारले, आणि मग पूर्ण वजन देऊन फिरवला. कर्र आवाज करत स्क्रू सुटला. एकदा स्क्रूचं डोकं गेलं की पुढं ड्रिल लावावं लागतं आणि कार्बोरेटरच्या मऊ धातूत आटे राहतील याची खात्री नसते, हे त्यांनी नंतर सांगितलं. बाऊल खाली आला. तळाला काकवीसारखा दाट तपकिरी थर बसला होता. फ्लोटची पिन त्या थरानं आपल्या जागी चिकटून बसलेली. पेट्रोल आत यायचा रस्ताच तिनं बंद केला होता.

सगळे भाग एका ताटलीत ओळीनं मांडले गेले. फ्लोट, फ्लोटची पिन, मेन जेट, सुई, स्लाइड, एअर स्क्रू, आणि सगळ्यांत शेवटी पायलट जेट. पितळेचा एवढासा तुकडा, करंगळीच्या नखावर मावेल असा. गाडी ॲक्सिलरेटर न देता उभी चालते ती याच्या जोरावर, आणि याचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. चाचांनी तो माझ्या हातात देऊन उजेडाकडे धरायला सांगितलं. मी धरला. पलीकडचं काहीच दिसेना. मी शेजारच्या डबीतली टाचणी उचलली, तर त्यांनी ती काढून घेतली. पितळ मऊ असतं, पोलाद कडक. टाचणी गेली तर कचऱ्याबरोबर छिद्राचं मापही जाईल. जेटचं मापच त्याचं सगळं काम. त्यांनी क्लच केबलजवळ पडलेला वायरचा तुकडा सोलला, त्यातली तांब्याची एकच तार वेगळी काढली. जेट थिनरमध्ये भिजत घातला. चहा झाला. मग ती तार जोर न लावता, फिरवत फिरवत आत घातली, बाहेर काढली, पुसली, परत घातली. शेवटी कॉम्प्रेसरची हवा मारली. पुन्हा उजेडाकडे धरला तेव्हा आत एक गोल, स्वच्छ ठिपका दिसला. चाचा म्हणाले, “गोल दिसला पायजे. अर्धा दिसला तर अजून कचरा हाय.”

मेन जेटचं छिद्र मोठं, ते सहसा इतकं बुजत नाही. म्हणूनच खूप दिवस उभी असलेली गाडी कधीकधी चालू होते, रेस दिली की धावते, पण चोक बंद केला की किंवा सिग्नलला थांबली की बंद पडते. चोक ओढल्यानं हवा कमी होते आणि बंद पायलटची उणीव तात्पुरती भरून निघते. लक्षणावरून जागा कशी ओळखायची, हे त्यांनी मला त्या एका दुपारी सांगितलं. पॉलिटेक्निकमध्ये मला भागांची नावं आणि कामं शिकवली होती, आणि ती चांगली शिकवली होती. भागाच्या दुखण्याकडून भागाकडे यायची वाट मात्र इथं सापडली.

गाडी चालू करायचीही रीत होती. ॲम्पिअर मीटरचा काटा मधे येईपर्यंत किक हळू दाबायची, डिकॉम्प्रेसरचा खटका ओढून पिस्टन थोडा पुढं न्यायचा, खटका सोडायचा, आणि मग एकच पूर्ण किक. बुलेट पेटली तशी सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट आला. मी घाबरलो. चाचांनी शांतपणे सांगितलं की उभ्या राहिलेल्या बुलेटमध्ये ऑइल हळूहळू खाली क्रँककेसमध्ये उतरतं, ते जळून गेलं की धूर थांबेल. थोड्या वेळानं थांबला.

मजुरी मामांनी पाठवलेल्या पैशात बसली. मी मात्र गाडी घेऊन घरी न जाता दुसऱ्या दिवशी परत शेडमध्ये गेलो. काम द्या असं म्हणायचं धाडस नव्हतं. नुसता बसू का, असं विचारलं. त्यांनी रॉकेलचा डबा आणि ब्रश पुढं सरकवला. नोकरी लागेपर्यंत मी तिथं पार्ट धुतले. डिप्लोमा झालेला मुलगा मिस्त्रीच्या हाताखाली बसतो, हे घरी पटायला वेळ लागला. चाचांनी माझ्या शिक्षणाचा विषय कधी काढला नाही, ना कौतुकानं ना टोमण्यानं. एखाद्या जेटवरचा नंबर वाचून माप सांगायचं काम तेवढं ते माझ्याकडे द्यायचे. मला तिथं किती जपलं गेलं, हे फार उशिरा लक्षात आलं.

त्या दिवसांत बघितलेल्या गोष्टी अजून वर्गात उपयोगी पडतात. एक गाडी चार-पाच किलोमीटर गेली की बंद पडायची, थोडा वेळ थांबली की परत चालू व्हायची. दोन ठिकाणी कार्बोरेटर साफ करून झाला होता. चाचांनी बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडायला सांगितलं. हवा आत ओढली गेल्याचा स्पष्ट आवाज आला. झाकणाचं श्वासाचं छिद्र मातीनं बुजलं होतं, टाकीत पोकळी तयार होत होती आणि पेट्रोल खाली उतरत नव्हतं. दुसऱ्या एका गाडीच्या फिल्टरच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. शेतावरच्या घरातून आलेल्या गाडीत उंदरांनी फिल्टरचा फोम कुरतडून तिथंच पिलं घातलेली. एका गाडीची रेस कमीच होईना. कार्बोरेटर बसवताना कुणीतरी नट इतके आवळले होते की फ्लँज वाकून जोडातून जादा हवा आत जात होती. चाचांनी सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून तो फ्लँज संयमानं घासून सरळ केला. आजकाल अशा वेळी अख्खा कार्बोरेटर बदलतात. बाजारात मिळणाऱ्या डुप्लिकेट कार्बोरेटरचे जेट त्या इंजिनाच्या मापाचे असतीलच असं नाही, आणि गाडी पुढं आयुष्यभर पेट्रोल जास्त खाते. मूळचा कार्बोरेटर स्वच्छ करून वापरावा, हे चाचांचं मत आज माझंही आहे, आणि मी ते मुलांना आग्रहानं सांगतो.

पुढं आयटीआयमध्ये शिल्प निदेशक म्हणून मला नोकरी लागली. सुरुवातीला मी फळ्यावर तीच डिप्लोमातली आकृती काढायचो, बाण दाखवायचो. मुलं उतरवून घ्यायची. एकदा मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, “सर, आमच्या आबांची गाडी चोकवर चालते, चोक काढला की बंद पडते. ती यातल्या कुठल्या बाणामुळं?” मी खडू ठेवला आणि सगळ्यांना वर्कशॉपमध्ये नेलं. त्या दिवसापासून माझं शिकवणं बदललं. त्या मुलाला उत्तर देताना माझ्या तोंडी चाचांची वाक्यं येत होती, त्यांच्याच क्रमानं.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळ्या गाड्या एकदम उभ्या राहिल्या. त्याच सुमारास, १ एप्रिल २०२०पासून, देशात बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याची जागा इंजेक्शननं घेतली. म्हणजे रस्त्यावरच्या जुन्या गाड्या घरोघर उभ्या होत्या त्याच दिवसांत कार्बोरेटरचा काळ संपत होता. मला ते तेव्हा जाणवलंही नाही, कारण फोन थांबत नव्हते. जुने विद्यार्थी, नातेवाईक, सोसायटीतली माणसं. दवाखान्यात ड्यूटीला जाणाऱ्या एका नर्सताईंची गाडी बंद पडली होती. जिथं मला खात्री वाटेना, तिथं मी चाचांना फोन लावायचो. ते घरात अडकले होते, शेड बंद. फोनवरच विचारायचे, प्लग ओला का कोरडा, पेट्रोल खाली सांडतंय का, ऑइलला पेट्रोलचा वास येतोय का. हा शेवटचा प्रश्न ते कधी चुकवत नसत. फ्लोटची पिन उघडी अडकली तर पेट्रोल वाहत राहतं आणि कधी इंजिनात उतरून ऑइल पातळ करतं. तशी गाडी चालवली तर इंजिनच जातं. नर्सताईंच्या गाडीचं तसंच झालं होतं. चाचांनी कॉक बंद करायला लावला, बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडायला लावला, ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नका म्हणून बजावलं. गाडी वाचली.

त्यानंतर पेट्रोलमधलं इथेनॉल वाढलं. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळणं २००३पासून सुरू होतं. २०२२मध्ये ते देशभरात सरासरी दहा टक्क्यांवर गेलं आणि आता वीस टक्क्यांचं पेट्रोल सर्रास मिळतं. आमच्या जिल्ह्यातले साखर कारखाने त्यावर चालतात, शेतकऱ्याचं बिल त्यातून निघतं, तेव्हा त्याला विरोध करायचा प्रश्न नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी फार दिवस उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि बाऊलच्या तळाशी बसतात. चाचांच्या ताटलीत आता तपकिरी थराऐवजी पांढरी भुकटी दिसू लागली. कार्बोरेटरचा धातू खाल्ला जाऊन ती तयार होते. जुन्या रबरी ओरिंगा फुगून जागेवर बसेनाशा झाल्या. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं हे बघून मला बोलावलं आणि विचारलं, “हे काय नवीन हाय, मला समजावून सांग.” मी ओलाव्याचं आणि थर वेगळे होण्याचं शास्त्र सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली की गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, बाऊल रिकामा करा आणि टाकी भरून ठेवा. त्यांना काही देता आलं असेल तर एवढंच.

पैशांचा विषय मी एकदा काढला होता. ते म्हणाले, “पोरं पाठव.” तेव्हापासून दर बॅचमधली इच्छुक मुलं सुट्टीत त्यांच्याकडे जातात. पहिल्या दिवशी त्यांनाही रॉकेलचा डबा आणि ब्रशच मिळतो.

एक गोष्ट मात्र मला त्यांच्याकडून अजून घेता आलेली नाही. कार्बोरेटर बसवून झाला, इंजिन गरम झालं की एअर स्क्रू लावायचा असतो. हलकेच पूर्ण आत, मग साधारण दीड फेरा बाहेर, आणि तिथून पुढं इंजिन सगळ्यांत मोकळं चालेल ती जागा शोधायची. मी वर्कशॉपमध्ये टॅकोमीटर लावतो, चक्कर मारून आल्यावर प्लगचा रंग बघतो. पांढरा आला तर पेट्रोल कमी, काळा आला तर जास्त, बदामी आला की झालं. चाचा सायलेन्सरसमोर थोड्या अंतरावर तळहात धरतात आणि दुसऱ्या हातानं स्क्रू फिरवतात. हवेचे धक्के तळव्यावर एकसारखे लागले की थांबतात. नंतर मी टॅकोमीटर लावून बघतो, तर फरक करायला जागा नसते. मी तसाच हात धरतो तेव्हा मला नुसती गरम हवा लागते. “डोळं मिट आणि घाई करू नको,” ते म्हणतात. येत्या रविवारी एक जुनी येझदी यायची आहे, बरीच वर्षं उभी असलेली. पार्ट धुवायला सकाळी लवकर ये, असा त्यांचा निरोप आला आहे.